मुख्यालयी राहायला कोण तयार आहे?

पुण्यात इंटर्नशिपचे शेवटचे महिने आले की वसतिगृहाच्या मेसमध्ये, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न फिरू लागतो : बाँड करायचा की भरायचा? सरकारी महाविद्यालयात कमी शुल्कात शिकलेल्या विद्यार्थ्याने एक वर्ष शासकीय सेवा द्यावी आणि द्यायची नसेल तर दंड भरावा, असा हा बंधपत्राचा करार आहे. कित्येक वर्षे दंडाची ही रक्कम एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तर पदवीसाठी ५० लाख आणि अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमासाठी २ कोटी रुपये होती. नियम मधूनमधून बदलले, पण चहाबरोबरची ती चर्चा बदलली नाही. मी जो विषय शिकवत असे त्याला, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याच्या अभ्यासाला, कागदोपत्री जनऔषधवैद्यकशास्त्र म्हणतात आणि विद्यार्थी पीएसएम म्हणतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायचा विषय अशीच त्याची ख्याती असल्यामुळे मुले माझ्यासमोर फारशी दबून वागत नसत, आणि त्यामुळेच ग्रामीण सेवेबद्दल त्यांच्या मनात खरोखर काय चालते हे मला पुष्कळदा ऐकायला मिळाले.

या विषयावर वर्तमानपत्रांतून जे लिहिले जाते ते बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते. एक म्हणजे नव्या पिढीच्या डॉक्टरांना पैशाची हाव आहे, आणि दुसरे म्हणजे सरकार सुविधा देत नाही. दोन्हींत तथ्य आहे. तरीही त्यांतून उलगडा होत नाही. पैसा हेच मुख्य कारण असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार सोडून पुण्यातल्या एखाद्या खासगी रुग्णालयात त्याहून कमी पैशांत रात्रपाळ्या करणारे, किंवा एक रुपयाही न मिळवता अभ्यासिकेत दिवसदिवस पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘नीट पीजी’ परीक्षेचे प्रश्न सोडवत बसणारे एवढे एमबीबीएस दिसले नसते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने तर दुर्गम भागात येणाऱ्या विशेषज्ञांनी आपल्या वेतनाचा आकडा आपणच सांगावा, अशीही मुभा राज्यांना देऊन पाहिली. तरी देशभरच्या ग्रामीण भागांतील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालये म्हणतो, शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या गरजेच्या मानाने तुटवडा ८० टक्क्यांच्या घरातच राहिला आहे.

या तुटवड्याची आतली बाजू त्या टक्केवारीत दिसत नाही. समजा, एका ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ रुजू झाली. तिला सिझेरियन उत्तम येते, पण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही आणि रक्तसाठवण केंद्राचा फ्रीज आहे पण परवाना नाही. मग अडलेली प्रत्येक बाई तिला पुढे पाठवावी लागते. दिवसभर ती सर्दी-खोकल्याची ओपीडी काढते आणि गर्भवतींच्या तपासण्या करते. सहा महिन्यांत तिच्या हाताची सवय मोडू लागते आणि वर्षाच्या आत ती निघून जाते. तिच्या जाण्याची नोंद ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ अशी होते. पुढच्या वर्षी भूलतज्ज्ञ मिळतो, तेव्हा तिची जागा रिकामी असते. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे प्रशिक्षण देऊन ही फट बुजवण्याचा प्रयत्न झाला, परंतु प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एकाच ठिकाणी नेमायला हवेत, एवढी साधी गोष्ट बदल्यांच्या यादीत नेमकी सुटते.

ग्रामीण भागात काम करण्याची तयारी हा डॉक्टरच्या स्वभावाचा गुण आहे, काहींमध्ये तो असतो आणि बहुतेकांत नसतो, ही समजूत मला पटत नाही. ज्यांना आपण तयार नाहीत म्हणतो त्यांतले पुष्कळजण तयार असतात, पण एकट्याने जायला तयार नसतात. मला वाटते, सारा प्रश्न या एकटेपणाभोवती आहे. पगार, निवासस्थान, बंधपत्र, पदव्युत्तर प्रवेश या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या हा एकटेपणा कितपत सुसह्य करतात त्यावरच त्यांचा परिणाम ठरतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी एक विद्यार्थिनी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला बाँड करत होती. ३० जुलै २०१४ रोजी ज्या डोंगराने माळीण गाव गिळले, त्याच परिसरातला हा भाग. पावसाळ्यात तिथे दिवसेंदिवस वीज नसते, रस्त्यावर दरड येते आणि मोबाइलची रेंज खोलीत मिळत नाही, व्हरांड्याच्या एका टोकाला मिळते. ऑगस्टमधल्या एका रात्री साडेबाराच्या सुमारास एक बाई बाळंत झाली, मूल रडले, पण वार पडेना आणि रक्तस्राव वाढू लागला. माझ्या विद्यार्थिनीने तिच्या दोन्ही हातांना सलाइन लावले, ऑक्सिटोसिन सुरू केले, लघवीची नळी घातली. १०८ला फोन झाला होता, पण गाडी घोडेगावहून यायची होती आणि त्या पावसात तिला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हते. वार हाताने काढताना तिने वॉर्डात अनेकदा पाहिले होते, एकदोनदा मदतनीस म्हणून उभीही राहिली होती, पण पाठीशी कुणी नसताना स्वतः कधी केले नव्हते. तिने सिस्टरना एका वरिष्ठ निवासी डॉक्टरला फोन लावायला सांगितले आणि पुढचा काही वेळ सिस्टर कानाला फोन लावून व्हरांड्याच्या त्या टोकावरून प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत आणि दारापासून पुन्हा टोकापर्यंत निरोप नेत राहिल्या. ‘सर विचारतात, गर्भाशय घट्ट लागतंय का?’ ‘सांगा, नाही.’ ‘सर म्हणतात, मग थांबू नका.’

बाई वाचली. पहाटे गाडी आल्यावर तिला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त चढवायला पाठवले. मला हे सारे सांगताना माझी विद्यार्थिनी रक्ताबद्दल किंवा पावसाबद्दल फारसे बोलली नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, ससूनमध्ये असं काही झालं असतं तर सकाळी राउंडला सरांनी चार प्रश्न विचारले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, मग कॅन्टीनला बसून आम्ही त्यावर तासभर बोललो असतो. इथे सिस्टर झोपायला गेल्या. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, जेवलीस का?’ त्यानंतर तिने बाँडचे वर्ष पूर्ण केले आणि मुदतवाढीचा अर्ज मात्र केला नाही. तिला वर्षभर कुणी त्रास दिला नव्हता. गावकरी चांगले होते, आशाताई घरून भाकरी आणून देत होत्या. ती केलेल्या कामाबद्दल बोलायला कुणी नाही म्हणून परतली.

महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्यसेवेचा विषय निघाला की जी नावे आदराने घेतली जातात ती एका ओळीत लिहून पाहावीत. १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करणारे रजनीकांत आणि मेबल आरोळे. १९७३ पासून हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प उभा करणारे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. १९८० च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणारे अभय आणि राणी बंग. मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य घालवणारे रवींद्र आणि स्मिता कोल्हे. या सर्व कथा आपण त्यागाच्या म्हणून वाचतो आणि शाळेच्या बक्षीस समारंभात सांगतो. मी त्यांत आणखी एक गोष्ट वाचते : ही सगळी जोडपी आहेत आणि दोघेही डॉक्टर आहेत. रात्री साडेबाराला काय करावे, हे विचारायला प्रत्येकाला कुणीतरी घरातच होते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभी करणारे दिल्लीच्या ‘एम्स’मधले डॉक्टर तर मित्रांचा एक गटच घेऊन गेले. त्यांच्या ध्येयवादाला यामुळे जराही उणेपणा येत नाही. मात्र ज्या आदर्शांकडे बोट दाखवून आपण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला एकटीने पाठवतो, त्यांतला एकही आदर्श एकट्याचा नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

गंमत अशी की आपल्या व्यवस्थेच्या मूळ आराखड्यात हा विचार होता. १९४६ च्या भोर समितीने पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले तेव्हा त्यात दोन डॉक्टर धरले होते. महाराष्ट्रात आजही केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे असतात. प्रत्यक्षात एक पद रिक्त असते, किंवा त्यावरचा माणूस प्रतिनियुक्तीवर तालुक्याला अथवा जिल्ह्याच्या कचेरीत बसलेला असतो, आणि दुसऱ्याला ओपीडी, लसीकरण, शवविच्छेदन, साथीचे अहवाल, आषाढीला पालखी मार्गावरचे पथक आणि आमदारांच्या दौऱ्यातली रुग्णवाहिका हे सारे एकट्याने सांभाळावे लागते. त्याच समितीने लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीची पदविका घेतलेल्या, डॉक्टरांचे शिक्षण बंद करून देशात एकच पदवीधर दर्जा असावा असे सुचवले. त्या वेळी भारतातल्या सुमारे ४७ हजार ५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी ३० हजारांच्या आसपास लायसेन्शिएट होते. आपल्या पुण्यातल्या बी. जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालय झाले तेही १९४६ मध्येच. दर्जाच्या दृष्टीने निर्णय योग्य होता असे मला वाटते, पण तालुक्याच्या बाजारपेठेत दवाखाना थाटून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला तो डॉक्टर त्याबरोबर संपला. त्याची जागा पुढे बीएएमएस डॉक्टरांनी घेतली. आजही भरारी पथकांत, म्हणजे फिरत्या वैद्यकीय पथकांत, आणि आदिवासी भागांतल्या केंद्रांत टिकून राहिलेले बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. त्यांच्याबद्दल एमबीबीएसवाल्यांनी नाक मुरडणे मला नेहमीच अशोभनीय वाटत आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये या विषयावर शिफारशी केल्या. त्यांत पहिल्याच स्थानी येणारी गोष्ट अशी की ग्रामीण पार्श्वभूमीचा विद्यार्थी ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता अधिक असते. जपानमध्ये १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ याच कल्पनेवर सुरू झाले. तिथे प्रत्येक प्रांतातून मुले निवडतात, त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलतात आणि त्या बदल्यात त्यांनी आपल्याच प्रांतात नऊ वर्षे काम करायचे असते. थायलंडनेही १९९० च्या दशकात खेड्यातील मुलांना निवडून त्यांच्याच भागातल्या रुग्णालयांत घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयाने पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांची ग्रामीण सेवा आवश्यक ठरवून वेगळी वाट धरली.

परंतु ‘खेड्यातला मुलगा खेड्यात जाईल’ हे गणित आपल्याकडे तितके सरळ सुटत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला लातूरला किंवा पुण्याला क्लाससाठी ठेवताना बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो. तो मुलगा डॉक्टर होऊन पुन्हा गावच्या दवाखान्यात बसला, तर भावकीत पहिला प्रश्न येतो, ‘परत इथंच यायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला?’ शहरातला मुलगा बाँड करायला गेला तर त्याचे कौतुक होते आणि गावचा मुलगा गावात राहिला तर तो नापास ठरतो. निवडीचे निकष बदलून हे जाणार नाही. गावातला डॉक्टर हा पीजी न मिळालेला डॉक्टर, ही लोकांच्या मनातली ओळख बदलावी लागेल. त्यासाठी भाषणांपेक्षा सेवांतर्गत कोट्याचा उपयोग अधिक झाला आहे. तमिळनाडूने सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांचा निम्मा वाटा राखून ठेवला होता, त्यावर वाद झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असा कोटा देण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. केंद्रात घालवलेली वर्षे वाया गेली नाहीत, ती पुढच्या शिक्षणाकडेच नेणारी होती, असे वाटले की माणूस थांबतो.

तरी तयारीला वय असते. चोविसाव्या वर्षी ज्याला क्वार्टरच्या गळक्या कौलांचे काही वाटत नाही, त्याला लग्नानंतर जोडीदाराच्या नोकरीचा विचार करावा लागतो आणि मूल पाच वर्षांचे झाले की शाळेचा. पुणे जिल्ह्यात तर हे अधिकच जाणवते, कारण शहर हाताशी असते. महामार्गालगतच्या केंद्रांसाठी शिफारसपत्रे येतात, आणि वेल्हे, मुळशीचा आतला भाग, जुन्नरची पश्चिम यांचे आदेश निघाले की रजेचे अर्ज. कोथरूडला घर ठेवून अप-डाऊन करणाऱ्यांविरुद्ध जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सभेत ‘वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी राहत नाहीत’ अशी ओरड होते. ओरड खोटी नसते. पण ओरडणाऱ्या सदस्यांपैकी कितीजणांची मुले त्या गावच्या शाळेत जातात, हे कुणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत तर क्वार्टरच्या दाराची कडी, बाहेरचा दिवा आणि रात्री दारू पिऊन येणारा नातेवाइकांचा घोळका हे प्रश्न पगाराच्या आधी येतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण पोलीस चौकी दोन खिंडी पलीकडे असेल तर कायदा आहे या माहितीने रात्री झोप लागत नाही.

एका गोष्टीची चर्चा जवळजवळ होतच नाही, ती म्हणजे कुतूहल. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. ते रुग्णांजवळ रात्र-रात्र बसले, रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी ठेवल्या, एमडी करायला पुण्याला बी. जे.मध्ये आले आणि पुन्हा महाडला गेले. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि तीव्र विषबाधेतला ४० टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर एका टक्क्यापर्यंत खाली आला. मी हे उदाहरण वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकांवरचे मोबाइलही खाली ठेवले जात. खेड्यातले वैद्यक हे शहरातल्या वैद्यकाची पातळ केलेली आवृत्ती आहे, असा समज आम्ही शिक्षकच नकळत देतो, कारण आमच्या परीक्षेत दुर्मीळ आजारांना गुण असतात आणि मण्यार चावलेल्या माणसाला केंद्रातून हलवायचे की तिथेच ठेवायचे, या निर्णयाला नसतात. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत पाठवले जाते. या उपक्रमाकडून मला आशा आहे, कारण निदान तेवढ्या काळापुरते तिथल्या डॉक्टरला चर्चा करायला कुणीतरी मिळते.

पुण्यातच एक जुना धडा आहे. बानू कोयाजी यांनी केईएम रुग्णालयाच्या वतीने शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावपातळीवर आरोग्यसेविका, वढूला छोटे रुग्णालय आणि पाठीमागे रास्ता पेठेतले मोठे रुग्णालय अशी ती साखळी होती. वढूत बसलेला डॉक्टर पुण्यातल्या विभागाचाच माणूस असे. रेफर केलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे त्याला कळत असे. सरकारी व्यवस्थेत केंद्रातून पाठवलेल्या रुग्णाबद्दल केंद्राला काहीही परत कळवले जात नाही. निदान बरोबर होते की चुकीचे, हे न कळता डॉक्टर वर्षभर रेफर करत राहतो, आणि वर शहरातल्या वॉर्डात ‘बाहेरून बिघडवून पाठवलेली केस’ असे ऐकून घेतो.

बंधपत्राच्या समुपदेशनात, म्हणजे जागावाटपाच्या फेरीत, दोन उमेदवारांना जोडीने अर्ज करू द्यावा, एकाच केंद्रातल्या दोन्ही जागा किंवा शेजारची दोन केंद्रे त्यांना द्यावीत, आणि अशा प्रत्येक जोडीमागे वैद्यकीय महाविद्यालयातला एक विभाग फोनवर चोवीस तास बांधून द्यावा, असे मी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना सुचवले होते. यात नवा पैसा फारसा लागत नाही. पदे मंजूर आहेत, फोन सर्वांकडे आहेत, निवासी डॉक्टर रात्री जागेच असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मॅडम, ही नोकरी आहे, सहल नाही. शिवाय गुणवत्ता यादीत जोडी बसवायची कुठे?’ दुसरा आक्षेप खरा आहे. दोघांचे क्रमांक वेगळे असतात, आणि खालच्या क्रमांकाला वर ओढले तर मधले न्यायालयात जातील. पण ज्या केंद्रांना वर्षानुवर्षे कुणीच पसंती देत नाही, ती यादीतून बाजूला काढून फक्त जोड्यांसाठी ठेवली तर कुणाचा हक्क बुडतो, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

गेल्या फेरीत माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी आपसांत ठरवून आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडची लागून असलेली दोन केंद्रे पसंतिक्रमात वर टाकली होती. एकीला हवे ते मिळाले. दुसरीला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदापूरकडे नेमले, आणि त्यांनी मागितलेले दुसरे केंद्र कुणालाच दिले गेले नाही. इंदापूरची रुजू झाली आहे. पश्चिमेची रुजू होण्याची मुदत वाढवून मागते आहे.